शोधगंगा, इंडकॅट, डेलनेट आणि महाल भागातला बाइंडर: नागपूरच्या कॉलेज ग्रंथालयाला काय पुरतं, काय पुरत नाही

नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती यायची असली की नागपूरच्या जुन्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत एक फाइल सगळ्यात आधी बाहेर निघते. सदस्यत्वांची. इनफ्लिबनेट आणि डेलनेट ही ग्रंथालयांची जाळी, एन-लिस्ट ही कॉलेजांसाठीची ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकांची सेवा, पावत्यांच्या झेरॉक्स, सही-शिक्के. फाइल चांगली जाडजूड असते. त्याच ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत मात्र मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या काळातल्या सरकारी अहवालांची एक रांग उभी असते. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं, त्यामुळे असा कागद इथे भरपूर आहे. त्यातला एखादा अहवाल शहरात आणखी कुणाकडे आहे का, आणि आपण तो रद्दीत काढला तर विदर्भातली शेवटची प्रत जाईल का, या प्रश्नाला त्या जाड फाइलीतली एकही सेवा नीट उत्तर देत नाही. हे परीक्षण त्या फाइलीचं, आणि जोडीला बाइंडरच्या बिलाचं. पुस्तक टिकणं शेवटी त्या बिलावरही ठरतं.

आधी इंडकॅट. ही इनफ्लिबनेटची संघतालिका, म्हणजे अनेक ग्रंथालयांची एकत्र यादी. इनफ्लिबनेट १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा कार्यक्रम म्हणून सुरू झालं, १९९६ मध्ये स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्र झालं, आज गांधीनगरला आहे. इंडकॅटवर मुख्यतः विद्यापीठ ग्रंथालयांच्या पुस्तकांच्या, प्रबंधांच्या आणि नियतकालिकांच्या नोंदी एका ठिकाणी शोधता येतात. आयएसबीएन असलेलं इंग्रजी पुस्तक शोधायचं असेल तर काम चोख होतं. मराठी पुस्तक शोधायला बसलात की खरी परीक्षा सुरू होते. एकाच पुस्तकाची एक नोंद देवनागरीत, दुसरी रोमनमध्ये, तिसरीही रोमनमध्येच पण शेवटचा ‘अ’ वेगळा लिहिलेला, चौथीत लेखकाच्या आद्याक्षरांमधली जागा गाळलेली. यंत्राच्या लेखी ही चार पुस्तकं. म्हणजे संघतालिका सांगते, ‘चार ग्रंथालयांत चार वेगळी पुस्तकं आहेत.’ खरं असतं, ‘चार ग्रंथालयांत एकच पुस्तक आहे.’ जपणुकीच्या दृष्टीने ही दोन विधानं एकमेकांच्या नेमकी उलट आहेत. पहिल्यात प्रत्येक प्रत शेवटची ठरते, दुसऱ्यात तीन प्रती निर्धास्त काढता येतात.

यात दोष तालिकेचा कमी, नोंद पाठवणाऱ्यांचा जास्त. कोहा किंवा सोल या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमधून नोंदी बाहेर काढताना बहुतेक ठिकाणी त्याच त्या तीन चुका होतात. पहिली लीडरची. मार्क २१ हा ग्रंथनोंदीचा ठरलेला साचा, त्यातले क्रमांकाचे रकाने म्हणजे क्षेत्रं आणि यंत्रासाठीची पहिली ओळ म्हणजे लीडर. लीडरमध्ये ०९व्या जागी रोमन ‘ए’ असेल तर पुढचं यंत्र नोंद युनिकोड समजून वाचतं. ती जागा रिकामी राहिली की देवनागरीची अक्षरं फुटतात आणि शीर्षकाच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हं दिसतात. दुसरी चूक भाषेच्या संकेताची. ००८ क्षेत्रात ३५ ते ३७ या जागांवर मराठीसाठीची तीन अक्षरं हवीत, पण जुन्या नोंदींत तिथे सर्रास इंग्रजीचा संकेत असतो, कारण भरणाऱ्याने साचा बदललाच नाही. त्यामुळे ‘फक्त मराठी’ अशी चाळणी लावली की निम्मी मराठी पुस्तकं गळतात. तिसरी चूक रोमन रूपाची. शीर्षक २४५ क्षेत्रात देवनागरीत द्यावं, रोमन रूप २४६ मध्ये, आणि तेही सगळ्यांनी एकाच पद्धतीने. पद्धत कुठली हा मुद्दा दुय्यम. पाच कॉलेजांनी एक धरली तरी भागतं.

ही तपासणी अवघड नाही. मार्कएडिट हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. कोहातून आयएसओ २७०९ या नोंदींच्या अदलाबदलीच्या स्वरूपात फाइल काढायची, मार्कएडिटमध्ये फोडायची आणि पहिल्या पन्नास नोंदींच्या लीडरची ओळ डोळ्यांनी पाहायची. पन्नासांत दहा चुका निघाल्या तर सगळी फाइल परत करायची, कारण चुका एकेकट्या येत नाहीत. एका ऑपरेटरने एका महिन्यात भरलेल्या सगळ्या नोंदींत तीच चूक असते, त्यामुळे दाखल क्रमांकांच्या (पुस्तक ग्रंथालयात नोंदताना मिळणाऱ्या क्रमांकांच्या) पट्ट्यात शोधली की सापडते. २००० च्या आगेमागे जुन्या फॉन्टमध्ये भरलेल्या नोंदी ही वेगळीच डोकेदुखी. त्या परिवर्तकातून काढल्या तरी जोडाक्षरं आणि रफार सटकतात. ‘र्‍या’ आणि ‘ऱ्या’ दिसायला जवळपास एकच, पण त्यांचे संकेत वेगळे, म्हणून एकाने शोधलं तर दुसरं सापडत नाही. हे हाताने दुरुस्त करण्यावाचून इलाज नाही.

इंडकॅट पुस्तक कुठल्या संस्थेत आहे ते सांगतं. पुस्तक फडताळावर आहे की बाइंडिंगला गेलंय, हे विचारायला त्या ग्रंथालयात फोनच करावा लागतो. संशोधकाला गाव कळतं, घर शोधावं लागतं, असं म्हणू या. शिवाय संलग्न कॉलेजांचा साठा तिथे फारसा नाही, आणि नागपुरात जुना कागद तर कॉलेजांतच पडून आहे. हिस्लॉप १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं. विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ ला आलं. म्हणजे शहरातली काही कॉलेजं विद्यापीठापेक्षा चाळीस वर्षांनी मोठी. फक्त विद्यापीठांची तालिका पाहून ‘नागपुरात नाही’ असा निष्कर्ष काढणं धोक्याचं.

डेलनेटकडे वळू. १९८८ मध्ये दिल्लीतल्या ग्रंथालयांचं जाळं म्हणून सुरू झालं, १९९२ मध्ये संस्था म्हणून नोंदलं गेलं. पुढे ‘दिल्ली’च्या जागी ‘डेव्हलपिंग’ आलं आणि संक्षेप तोच राहिला. आंतरग्रंथालयीन देवघेव हे त्याचं खरं काम, आणि ते काम ते करतं. सदस्य ग्रंथालयाने मागणी टाकायची, डेलनेट प्रत शोधतं, पुस्तक किंवा लेखाची प्रत येते. लेख हवा असेल तर या सेवेला आम्ही बिनदिक्कत चांगले गुण देऊ. वीस पानांचा लेख स्कॅन होऊन येतो, कुणाचंही पुस्तक हलत नाही, त्याच्या पाठीला ताण पडत नाही. अख्खं पुस्तक मागवायचं तर ते छापून संपलेलं आणि खरोखर दुर्मीळ असेल तेव्हाच मागवावं. परीक्षेच्या तोंडावर क्रमिक पुस्तकासाठी मागणी टाकण्यात अर्थ नाही. पुस्तक येईपर्यंत पेपर होऊन जातो.

एक मात्र गमतीचं आहे. शहराच्या मध्यावरच्या बर्डीतल्या कॉलेजला पाच-सात किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजातलं पुस्तक हवं असलं तरी कागदोपत्री मागणी दिल्लीमार्गे जाते. शहरातल्या शहरात दोन ग्रंथपालांनी एका छापील चिठ्ठीवर हे उरकावं. चिठ्ठीवर दाखल क्रमांक, परतीची तारीख, ‘पान क्र. ४५ फाटलेलं’ असा शेरा आणि दोघांच्या सह्या असाव्यात. शेरा महत्त्वाचा. परत आलेल्या पुस्तकाचं फाटकं पान कुणामुळे यावरून दोन संस्थांत वर्षभर अबोला राहतो, आणि त्यापायी देवघेवच बंद पडते.

बाहेरगावी पुस्तक पाठवताना बहुतेक नुकसान पार्सलच्या बांधणीत होतं. पुस्तक नुसतं खाकी पाकिटात घालून पाठवलं की कोपरे चेपतात, आणि जून ते सप्टेंबरात पाकीट भिजलं की पुठ्ठा फुगतो. बांधणी अशी करावी: आधी पॉलिथिनची पिशवी, तोंड टेपने बंद. मग पुस्तकापेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच मोठे असे दोन कडक पुठ्ठे वरखाली, म्हणजे मार पुठ्ठ्याच्या कडेला बसतो, पुस्तकाच्या कोपऱ्याला नाही. मग जाड कागद. सुतळी थेट पुस्तकावर कधीच नको, ती कडेला खाच पाडते. पत्ता इंकजेटवर छापला असेल तर वरून पारदर्शक टेप लावावी, नाहीतर पावसात शाई उतरते. टपालाचा खर्च आता अडचण राहिलेला नाही. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पार्सल जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो. घाई नसलेल्या देवघेवीला यापेक्षा स्वस्त सोय नाही.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या, संशोधन नियतकालिकांची वर्गणी केंद्राने एकत्र भरायच्या योजनेबद्दल थोडक्यात. १ जानेवारी २०२५ पासून सुरू. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. शासकीय उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांना लाभ, खासगी अनुदानित कॉलेजं पहिल्या टप्प्यात बाहेर. नागपुरात याचा अर्थ असा की व्हीएनआयटी या केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थेतल्या वाचकाला जे दिसतं ते दोन रस्ते पलीकडच्या अनुदानित कॉलेजच्या प्राध्यापकाला दिसत नाही. योजना वाचकाच्या सोयीची आहे, त्याबद्दल वाद नाही. काळजी वेगळी आहे. ऑनलाइन मिळायला लागलं म्हणून छापील मागील खंड रद्दीत काढायची लाट येते. इथे थांबावं. १९९० च्या दशकाच्या मध्याआधीचे खंड अनेक मोठे प्रकाशक वेगळं पॅकेज म्हणून विकतात. वर्गणीत ते येतीलच असं नाही. म्हणून एखाद्या नियतकालिकाचे खंड काढण्याआधी संगणकासमोर बसून पहिल्या वर्षाचा पहिला अंक, मधल्या एका वर्षाची पुरवणी आणि शेवटचा अंक प्रत्यक्ष उघडून पाहावा. पुरवणी मुद्दाम पाहायची, कारण स्कॅन करताना तीच सुटते. शिवाय वर्गणी म्हणजे भाडं. भाडं थांबलं की काय उरतं, आणि तो मजकूर पोर्टिको किंवा क्लॉक्ससारख्या जपणूक-भांडारात आहे का, हे विचारल्याशिवाय छापील खंडाला हात लावू नये.

शोधगंगा, म्हणजे इनफ्लिबनेटचं पीएचडी प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, ही या फाइलीतली सगळ्यात भक्कम सेवा. आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक झालं आणि साठा वाढत गेला. डीस्पेस या मुक्त सॉफ्टवेअरवर चालते, प्रबंध प्रकरणनिहाय वेगळ्या पीडीएफमध्ये चढतो. फायलींना क्रमांक असतात: ०१ शीर्षकपान, ०२ प्रमाणपत्र, मग प्रकरणं, शेवटी ८० क्रमांकाची ‘रेकमेंडेशन’ फाइल, ज्यात शीर्षकपान आणि निष्कर्षाचं प्रकरण एकत्र असतं. बाहेरून ही पद्धत किचकट वाटते, पण वाचकाला फक्त संदर्भसूची हवी असेल तर चारशे पानं उतरवावी लागत नाहीत. विद्यापीठं करार करतात, कॉलेजला स्वतंत्र काही भरावं लागत नाही. वापरणाऱ्याला पैसे नाहीत, पासवर्ड नाही. यापेक्षा जास्त काय मागायचं?

मागायचं ते मराठी प्रबंधांच्या बाबतीत. नागपूर विद्यापीठाचे मराठी, इतिहास, समाजशास्त्राचे कित्येक प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले असतात. पीडीएफ डोळ्यांना सुंदर दिसते. पण त्यातला एक शब्द निवडून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा चिवडा बाहेर येतो. म्हणजे शोधयंत्राच्या लेखी तो प्रबंध मराठी नाहीच. ही परीक्षा प्रबंध स्वीकारतानाच घ्यावी: दहावं पान उघडा, एक ओळ निवडा, नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटली तर फाइल घ्या, नाहीतर संशोधकाला युनिकोडमध्ये करून आणायला सांगा. दोन मिनिटांचं काम. एकदा फाइल चढली की मग कुणी मागे वळून पाहत नाही. जे आधीच चढलंय त्याच्यावर टेसरॅक्टसारखं मुक्त ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) मराठीसाठी चालवता येतं. स्वच्छ छपाईवर ते बरं चालतं, कार्बन प्रतीवर नाही.

आणि इथेच शोधगंगेची मर्यादा कळते. शोधगंगा प्रबंध दाखवते, आणि बहुतेक ठिकाणी तो पाहून छापील प्रत जपायचं थांबतं. चढवलेली पीडीएफ पुष्कळदा दाबून लहान केलेली असते. नकाशे, घडीची पानं, मागच्या खिशातले तक्ते त्यात नसतातच. मूळ स्कॅन कुठे आहे? जो प्रबंध सीडीवर जमा झाला, त्याची सीडी प्रबंधाच्या मागच्या कव्हरला चिकटवलेल्या पाकिटात असते. लिहून घेतलेल्या सीडीतला रंगाचा थर उष्णतेने आणि उजेडाने खराब होतो, आणि नागपूरच्या मे महिन्याबद्दल वेगळं सांगायला नको. ग्रंथालयातल्या नव्या संगणकांना आता ड्राइव्हही नसते. तेव्हा पहिलं काम: एक बाहेरची यूएसबी ड्राइव्ह घेऊन सगळ्या सीडी उतरवून ठेवणं. हे आत्ता नाही केलं तर पाच वर्षांनी वाचता येतील याची खात्री नाही.

नवीन स्कॅन करायचं तर हिशेब आधी करावा. ए४ पान ३०० डीपीआयला पूर्ण रंगात, न दाबलेल्या टिफमध्ये साधारण २६ एमबी होतं. अडीचशे पानांचा प्रबंध साडेसहा जीबी, हजार प्रबंध साडेसहा टीबी. हे तीन ठिकाणी ठेवायचं, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत शहराच्या वेगळ्या भागात. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा नाग नदीकाठच्या वस्त्यांत काही तासांत पाणी शिरलं. मूळ हार्ड डिस्क आणि तिची प्रत त्याच तळमजल्याच्या त्याच कपाटात असली तर ती प्रत असून नसल्यासारखी. प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारा संकेत) काढून यादी ठेवायची आणि वर्षातून एकदा ताडायची. डिस्क मरते तेव्हा तरी कळतं. फाइल आतून सडते तेव्हा या यादीशिवाय कळत नाही. कायद्याची अडचण इथे नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीनंतर, बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल तर जपणुकीसाठी ती डिजिटल स्वरूपात साठवायची मुभा आहे. अर्थात साठवणं वेगळं, सगळ्या जगाला दाखवणं वेगळं.

‘ऑनलाइन आहे’ या शब्दावर किती भरवसा ठेवायचा, याचं आपल्याच देशातलं उदाहरण डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचं. लाखो पुस्तकं स्कॅन झाली, मग ते संकेतस्थळ बंद पडलं. आज ती पुस्तकं वाचता येतात ती इंटरनेट आर्काइव्हवर त्यांची दुसरी प्रत ठेवली गेली म्हणून. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची रचनाही लक्षात ठेवावी. तिथे बहुतांश नोंदी आहेत, मजकूर मूळ संस्थेच्या सर्व्हरवर असतो. कॉलेजचा सर्व्हर बंद पडला की दिल्लीच्या वाचकाला नोंद दिसते, पुस्तक उघडत नाही.

आता कागद. नागपूरची हवा कागदाशी दोनदा वैर करते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली. ऑगस्टच्या सकाळी ती ८० च्या वर. कागद आकुंचन पावतो, मग फुगतो, पुठ्ठा वाकतो, शिवण सैल होते. यात आपण कूलर घालतो. वाचनकक्षात वाचकासाठी कूलर हवाच. पण साठ्याच्या खोलीत पाण्याचा कूलर लावणं म्हणजे खिडकीतून ओल आत ढकलणं. कूलरच्या झोताच्या समोरच्या फडताळांत, विशेषतः भिंतीला टेकलेल्या मागच्या ओळीत, बुरशीचा पहिला पांढरा थर दिसतो तो पाऊस सुरू झाल्यावर, म्हणून दोष पावसावर जातो. खरं तर बीज मे-जूनमध्येच पडलेलं असतं. आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशीला एवढं पुरतं. उपाय महागडा नाही: साठ्याच्या खोलीत कूलर बंद, फडताळं भिंतीपासून चार-सहा इंच पुढे, खालचा कप्पा फरशीपासून सहा इंच वर, छताचे पंखे दिवसभर चालू, आणि दोन खोल्यांत एक-एक डिजिटल आर्द्रतामापक. रोज सकाळी अकरा आणि दुपारी चारचा आकडा वहीत लिहायचा. महिनाभराची वही पाहिली की कुठलं कपाट हलवायचं ते आपोआप कळतं.

कसर आणि वाळवीसाठी बोलावलेला पेस्ट कंट्रोलवाला पुस्तकांवर फवारा मारत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावं. द्रव औषध भिंतीच्या बुडाला, दारांच्या चौकटींत आणि फरशीच्या सांध्यांत. पुस्तकावर थेंबही नको. डाग पडतो, शाई पसरते, आणि कागदात राहिलेलं औषध वाचकाच्या हाताला लागतं. जुन्या पाठ्यपुस्तकांत थायमॉल या बुरशीनाशक रसायनाच्या पेटीचा उपाय सांगितलेला आहे. खाली ४० वॉटचा बल्ब, त्याच्या उबेने थायमॉलची वाफ, वर जाळीवर उघडी पुस्तकं. आम्ही तो आता सुचवत नाही. माणसाच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना त्रास होतो, आणि ओल तशीच राहिली तर बुरशी परत येते. कीड लागलेल्या मोजक्या पुस्तकांसाठी डीप फ्रीझर बरा. पुस्तक पॉलिथिनच्या दुहेरी पिशवीत घालायचं, हवा दाबून काढायची, टेपने बंद करायचं. उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी किमान चोवीस तास उघडायची नाही. दव पिशवीच्या बाहेर जमायला हवं, पानावर नाही. घाई करून लगेच उघडणारे लोक किडीचं दुखणं घालवून बुरशीचं आणतात. भिजलेल्या पुस्तकांनाही हाच फ्रीझर कामी येतो. बुरशीला ४८ तास पुरतात, आणि आर्ट पेपरची पानं भिजून तशीच वाळली की वीट होते, मग कुणालाही सोडवता येत नाहीत.

महाल आणि बर्डी भागातल्या बाइंडरांबद्दल लिहिल्याशिवाय हे परीक्षण पुरं होणार नाही, कारण कॉलेजच्या बजेटात जपणुकीच्या नावाखाली खरा खर्च तिथेच होतो. कारागीर हुशार आहेत, हात स्वच्छ आहे, दर परवडणारे आहेत. पण त्यांना आपण जे सांगतो तेच ते करतात, आणि आपण सांगतो, ‘भक्कम करा.’ भक्कम म्हणजे त्यांच्या लेखी बाजूने भोकं पाडून ओढलेली शिवण, पाठीला भरपूर फेविकॉल, वर रेक्झिन, तिन्ही बाजूंनी मशीनची कटिंग. खंड विटेसारखा होतो. वर्षानुवर्षं टिकतोही. पण उघडत नाही. आतल्या समासातला मजकूर शिवणीत जातो, वाचक दोन्ही हातांनी दाबतो, पाठ तडकते. पुढे स्कॅन करायची वेळ आली की शिवण कापण्यावाचून गत्यंतर नसतं. जुन्या ठिसूळ कागदावर तर बाजूची शिवण म्हणजे टपालाच्या तिकिटांची भोकं. पान वळवलं की त्या रेषेवर तुटतं.

म्हणून कामाच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्यावं: फर्म्याच्या (घडी घातलेल्या पानांच्या जुडीच्या) घडीतून शिवण, बाजूने नाही. कटिंग नाही, किंवा फक्त पुढच्या कडेला दोन मिलिमीटरपर्यंत. पाठीला खळ, म्हणजे मैद्याची शिजवलेली, थोडं मोरचूद घातलेली. खळ पुढे पाण्याने सुटते, फेविकॉल सुटत नाही. वर कापड. मुखपृष्ठ, जाहिरातींची पानं, अनुक्रमणिका आत राहिलीच पाहिजेत. बाइंडर जाहिराती काढून टाकतात, आणि इतिहासाच्या संशोधकाला पुढे जाहिरातीच हव्या असतात. ज्या पानाचा कोपरा दोन-तीनदा दुमडला की तुटतो तो कागद शिवणीला द्यायचाच नाही. तसा खंड आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटीत सुटा ठेवायचा. आणि फाटलेल्या पानावर सेलोटेप लावणाऱ्या परिचराला आधी जपानी टिश्यू आणि खळ वापरायला शिकवावं. सेलोटेपचा चिकट थर काही वर्षांत पिवळा होऊन आरपार उतरतो. पानाला गरम प्लॅस्टिकचं लॅमिनेशन हा त्याहून वाईट प्रकार, ते परत काढता येत नाही.

वरच्या सगळ्या सेवांत जे कुठेच नाही ते आता. छापील शेवटच्या प्रतीची जबाबदारी. अमेरिकेत पश्चिमेकडच्या ग्रंथालयांचा वेस्ट नावाचा करार आहे, पूर्वेकडच्यांचा ईस्ट. एखादा खंड एका ग्रंथालयाने पंचवीस किंवा पंधरा वर्षं ठेवायचं कबूल करायचं, म्हणजे बाकीच्यांना आपली प्रत काढायची मोकळीक. नागपुरात यासाठी नवी संस्था, नवा सर्व्हर काहीही लागत नाही. पाच ग्रंथालयांनी एक मार्क क्षेत्र वापरायला लागलं तरी सुरुवात होते. ते क्षेत्र ५८३. त्याच्या ‘ए’ उपक्षेत्रात ‘राखून ठेवायचं कबूल’, ‘सी’ मध्ये कबुलीची तारीख, ‘डी’ मध्ये कधीपर्यंत, ‘एफ’ मध्ये कराराचं नाव, ‘५’ मध्ये ग्रंथालयाचा संकेत. खंडांचा तपशील ८६६ मध्ये: कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, मधलं काय नाही. ‘मधलं काय नाही’ हा भाग प्रत्येक खंड उघडून लिहायचा, रजिस्टर पाहून नाही. रजिस्टरात बारा अंकांचा खंड असतो, फडताळावर अकरा असतात आणि एप्रिलचा कुणीतरी नेलेला असतो.

निर्लेखनाच्या, म्हणजे पुस्तक दप्तरातून काढून टाकण्याच्या, वेळी लेखापरीक्षणाची भीती असते, ती रास्त आहे. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम २१५ नुसार, वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचलेल्या दर हजार खंडांमागे पाच गहाळ होणं मान्य धरलेलं आहे, दुर्मीळ पुस्तकाला मात्र ही सवलत नाही. म्हणून काढायच्या यादीत एक जादा रकाना असावा: ‘५८३ कुणाकडे’. तो रिकामा असेल तर पुस्तक काढायचं नाही, मग त्याला वीस वर्षांत कुणी हात लावलेला नसला तरी.

सुरुवात पुस्तकांपासून करू नये, नियतकालिकांपासून करावी, आणि तीही न्यूजप्रिंटवर छापलेल्यांपासून, कारण तो कागद सगळ्यात आधी जातो. विदर्भ साहित्य संघाचं ‘युगवाणी’ किंवा १९११ पासून इथे निघणारा ‘हितवाद’ यांच्या जुन्या फायली कुणाकडे, कुठल्या वर्षांच्या, किती फाटलेल्या, एवढीच एक शीट पाच ग्रंथपालांनी भरावी. रकाने सहाच: वर्ष, महिना, ग्रंथालय, पानं पूर्ण का, कोपरा दुमडला तर तुटतो का, बाइंडिंग कुठल्या शिवणीचं. शेवटचा रकाना वाचून हसू येईल, पण स्कॅनिंगवाल्याला बोलावल्यावर तो पहिला प्रश्न हाच विचारतो.